गणित आणि भूगोलाची जोडी

देवळाली कॅम्पात आम्ही घर बघायला गेलो तेव्हा बाईंनी आधी घर दाखवलंच नाही. आम्हा दोघांना अंगणात समोरासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "भांडा."

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी महेशकडे बघितलं, त्याने माझ्याकडे.

"अहो, भांडा की. कशावरूनही. मला आवाज ऐकायचाय."

महेश बिचारा म्हणाला, "निघताना कुलूप नीट लागलंय का बघितलंस ना?" मी म्हटलं, "दरवेळी मीच का बघायचं?" त्यावर तो काहीतरी बोलला, त्यावर मी, आणि बघता बघता आमची खरंच जुंपली. बाई मान वर करून, गच्चीकडे कान लावून उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी गळ्यातली शिट्टी फुंकली.

"बास. चालेल. तुमचं भांडण लांबतं, पण चढत नाही. आधीचे भाडेकरू भांडी आपटायचे. अंड्यांवर बसलेली मादी उठून जाते अशानं."

असं आम्हाला ते घर मिळालं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, दार उघडलं की गच्ची, आणि गच्चीच्या कोपऱ्यात लाकडी फळ्यांची आणि तारेच्या जाळीची बाईंच्या कबुतरांची ढाबळ.

बाई कॅम्पातल्या एका शाळेतून पी.टी.च्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. उंच, हाडकुळ्या, केस पुरुषांसारखे कापलेले. पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. शेजारी हळदीकुंकवाला बोलावलं तरी साडीखाली तेच. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आमची हिंमत झाली नाही, आणि ज्यांनी विचारलं असेल त्यांना त्यांनी मैदानाला चक्कर मारायला पाठवलं असेल. कॅम्पात कुणी त्यांना नावाने हाक मारत नसे. भाजीवाल्यापासून सुभेदार साहेबांपर्यंत सगळे 'बाई'च म्हणायचे, तेव्हा मीही तेच म्हणते.

त्यांच्या शाळेत फौजींची मुलं जास्त. बापाची बदली झाली की मुलं जायची, दुसरी यायची. वर्गात दर वर्षी अनोळखी चेहरे, आणि नव्या-जुन्यांची मारामारी ठरलेली. बाईंचा उपाय एकच. तीन पायांच्या शर्यतीत त्या मुद्दाम एकमेकांशी न बोलणाऱ्यांचे पाय एकत्र बांधायच्या. पडली, ढोपरं फुटली, तरी सोडायच्या नाहीत. "जमत नाही असं मला कुणी सांगायचं नाही," त्या म्हणायच्या. "प्रयत्न करून कंटाळलो असं सांगा. मग मी म्हणेन, पाणी प्या आणि परत या."

कबुतरं आली ती निवृत्तीनंतर. संक्रांतीला मांजाने पंख कापलेलं एक पिल्लू गच्चीवर पडलं, त्याला बाईंनी वाचवलं. मग त्याला सोबत म्हणून दुसरं आणलं, आणि ढाबळ भरत गेली. नावं मात्र कबुतरांसारखी नव्हती. बाईंनी त्यांना शाळेच्या विषयांची नावं दिली होती. शांत, पांढरी, सगळ्यांना आवडणारी ती मराठी. रंगीत गळ्याचा तो चित्रकला. एक जोडी विज्ञान आणि इतिहास. सकाळी बाई गच्चीवर येऊन शिट्टी वाजवायच्या आणि ओरडायच्या, "इतिहास, मागे हो! मराठीला खाऊ दे!" पहिल्या आठवड्यात महेश पांघरुणात तोंड घालून हसायचा.

तोफांच्या सरावाच्या दिवशी आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. कबुतरं ढिम्म. तीच कबुतरं माझ्या कुकरच्या शिट्टीला भुर्रकन उडायची. म्हणून बाईंनी मला कुकर लावायची वेळ ठरवून दिली होती, आणि इंदिरानगरच्या माझ्या आईला फोनवर हे सांगताना मला घरमालकिणीचं कौतुक करावं की तक्रार, ते कळत नसे.

कबुतरांचं लग्न लावणं हे सोपं काम नाही, हे मला तिथे कळलं. नर आणि मादी एका खुराड्यात टाकली की संसार सुरू होतो असं मला वाटायचं. प्रत्यक्षात नर कधी मादीच्या डोक्याची पिसं उपटतो, कधी मादीच पंखाच्या फटक्यांनी नराला कोपऱ्यात घालते. म्हणून बाई आधी दोघांना शेजारच्या कप्प्यांत ठेवायच्या, मध्ये नुसती तारेची जाळी. दिसायचं सगळं, लागायचं काही नाही. काही दिवसांनी नर जाळीजवळ गळा फुगवून घुमायला लागतो, शेपूट जमिनीवर घासत गोल फिरतो. मादी आधी पाठ करते. मग एक दिवस मान हलवते. ती मान हलली की बाई जाळी काढायच्या.

एकदा आमचं दोघांचं चांगलंच वाजलं होतं. मी दार आपटून गच्चीवर आले, तर बाई बाजरी निवडत बसलेल्या. वर न बघता म्हणाल्या, "मध्ये जाळी लावू का?" आतून महेश हसला. मला मात्र हसू यायला संध्याकाळ झाली.

ढाबळीत सगळ्यांचं जमलं होतं, दोघं सोडून. एक गणित नावाची मादी. राखाडी, आखडू, डोळा लाल. तिचा नर एका दुपारी कठड्यावर बसलेला असताना शिकऱ्याने झडप घालून उचलला. तेव्हापासून ती आपल्या जुन्या कप्प्यात बसून राहायची आणि जवळ येईल त्याला टोचायची. दुसरा भूगोल. त्याची मादी आजाराने गेलेली. हा मोठा दणकट, आणि कुठेही सोडला तरी घरी परतणारा. बाईंच्या ओळखीच्या ट्रकवाल्याने त्याला एकदा घोटीला नेऊन सोडला होता. ट्रकवाला परत आला तेव्हा भूगोल गच्चीवर आंघोळ करत होता.

दोन एकटे जीव, तेव्हा बाईंनी त्यांचं जमवायचं ठरवलं. जाळी लावली. भूगोल घुमला, गणिताने पाठ केली. दिवसांमागून दिवस गेले, मान काही हलली नाही. शेवटी बाईंनी जाळी काढून बघितली, तर आम्ही पोचेपर्यंत गणिताच्या डोक्याची कातडी सोललेली आणि भूगोलाच्या डोळ्याखाली रक्त. बाईंनी दोघांना हळद लावली, वेगळं केलं, आणि पिसं झटकत म्हणाल्या, "पाणी प्या आणि परत या."

हे असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "बाई, नसेल पटत. राहू दे ना त्यांना एकटं."

"एकटं राहायला हरकत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी राहिलेच की. पण ही राहत नाहीत. ही झुरतात."

बाईंचा खोकला आम्ही बरेच दिवस ऐकत होतो. त्या म्हणायच्या, थंडी. उन्हाळा आला तरी त्या थंडीच म्हणायच्या. मग एका सकाळी लॅम रोडवर फिरायला गेलेल्या बाई पुलाच्या कठड्यावर बसून राहिल्या आणि त्यांना उठताच येईना. रिक्षावाला घेऊन आला. मी ऑफिसला सुट्टी टाकून त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, पण स्पष्ट होते. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसात बसलीय, म्हणाले. कबुतरं गेलीच पाहिजेत, आणि आजपासून गच्चीवर पाऊल टाकायचं नाही.

"मी जन्मभर मैदानाची धूळ खाल्ली," बाई म्हणाल्या.

"ती धूळ वेगळी. ही फुप्फुस आतून घट्ट करते. आता थांबलात तर आहे तेवढं वाचेल. नाही थांबलात, तर जिना चढायलाही सिलिंडर लागेल."

बाईंनी वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. सगळी जातील. पण जोडीनं जातील."

डॉक्टरांना कळलं नाही. रिक्षात बाईंनी मला समजावलं. मोठं झालेलं कबूतर दुसऱ्याला दिलं तरी सुटलं की आपल्या जुन्या गच्चीवर परत येतं. नव्या जागी ते थांबतं एकाच कारणाने, तिथे त्याचं घरटं असेल, अंडी असतील, तर. ज्याची जोडी नाही ते परत येणार. आणि ते परत येत राहिलं तर बाईंची गच्ची कधीच मोकळी होणार नाही.

"नाहीतर जन्मभर कोंडून ठेवायचं," मी म्हटलं.

"ते मी करणार नाही."

बाईंचा सुनील नावाचा एक जुना विद्यार्थी होता. मामाकडे राहून देवळालीत शिकलेला, आता गिरणाऱ्याला द्राक्षबाग सांभाळणारा. बाईंनी फोन केला आणि तो दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन हजर. "बाई, ट्रॅक्टरच्या शेडवर जागा हाय. लय मोठी ढाबळ करू. तुम्ही काळजी नका करू," तो म्हणाला. खरंच त्याने आठवड्यात ढाबळ उभी केली.

बाई आता अंगणात खुर्ची टाकून, तोंडाला मास्क बांधून बसायच्या. हातात कुणा फौजी विद्यार्थ्याने दिलेली जुनी दुर्बीण. गच्चीवरचं सगळं काम आमच्या गळ्यात आलं. आम्हीही मास्क बांधून, जमीन ओली करून झाडायचो, आणि खालून शिट्टी वाजायची. "महेश! पाण्याचं भांडं उन्हात आहे! सावलीत घे!" आम्हाला दाणे कसे टाकायचे तेही येत नव्हतं. हळूहळू आलं. मराठी आणि चित्रकला गिरणाऱ्याला गेली, तिथे कोंडलेली असतानाच त्यांनी अंडी घातली, आणि नंतर दार उघडल्यावरही राहिली. विज्ञान-इतिहास गेली. एकेक जोडी गेली. ढाबळीत उरली ती दोघं.

सुनीलने भूगोलाला एकट्याला नेऊन बघितलं. दार जरा उघडं राहिलं आणि तो निसटला. सुनीलचा फोन यायच्या आत तो आमच्या कठड्यावर होता. पुन्हा नेला, पुन्हा आला. सुनील हात जोडून म्हणाला, "बाई, हा काय माझ्याच्यानं व्हायचा नाय. माझा एक पाव्हणा हाय मालेगावकडं, त्याला देऊन टाकू. तो पिंजऱ्यातच ठेवतो."

"नाही," बाई म्हणाल्या.

त्या दिवसांत त्यांचा श्वास बोलतानाही लागत होता. डॉक्टर माझ्यावर चिडले. एक-दोन कबुतरांसाठी काय चाललंय हे, म्हणाले. मीही घरी येऊन बाईंवर चिडले. "तुमचा जीव मोठा की यांची जोडी?"

बाईंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. "थांब जरा," त्या म्हणाल्या. "ते बघ. कठड्यावर दोघं काय करतायत?"

दोघं कठड्यावर दाणे टिपत होती. एकमेकांपासून हातभर अंतरावर.

"भांडतायत का?"

"नाही."

"आता महेशला सांग, दोघांना आत सोड."

महेशने आत सोडलं. क्षणात ढाबळीत पंखांची फडफड सुरू झाली. दोघं डाव्या कोपऱ्यातल्या त्याच वरच्या कप्प्यासाठी एकमेकांवर तुटून पडली होती. महेशने त्यांना सोडवलं. बाईंनी दुर्बीण मांडीवर ठेवली.

"तो कप्पा गणिताच्या जुन्या संसाराचा," त्या म्हणाल्या. "आणि त्याआधी भूगोल त्याच कप्प्यात जन्मलाय. हे मला ठाऊक होतं. माझ्या हाताने त्याला वाढवलंय मी. तरी डोक्यात आलं नाही. यांचं एकमेकांशी भांडण नाहीच गं. जागेचं आहे. मी मूर्खासारखी स्वभावाला बोल लावत बसले."

शाळेत कुणी बाईंना 'मी चुकले' म्हणताना ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी ते माझ्यासमोर सरळ म्हटलं, आणि लगेच उठल्या. "दोघांनाही परकी असेल अशी जागा पाहिजे. सुनीलला फोन लाव. मीही जाणार."

सुनील घाबरला. "बाई, आम्ही करतो ना. मंगल बघंल. तुम्ही कशाला?"

"तुझ्यावर विश्वास आहे रे. त्या दोघांवर नाही."

मंगल म्हणजे सुनीलची बायको. कमी बोलणारी, कामाला वाघ. बाई त्यांच्या घरी राहायला गेल्या. डॉक्टरांना मी सांगितलं, तेव्हा त्यांनी निदान दूर बसवा म्हणून बजावलं. बाईंनी स्वतःच मैदानावर आखतात तशी फक्कीची पांढरी रेषा अंगणात आखली. शेडपासून लांब, चिंचेखाली. "ही माझी रेषा. मी हिच्या पलीकडे आले तर मंगल, तू मला हाकलायचं." मंगलने दोनदा खरोखर हाकललं.

आम्ही रविवारी जायचो. नव्या ढाबळीत दोन नवे कप्पे, मध्ये जाळी. पहिल्या रविवारी दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेली. दुसऱ्या रविवारी भूगोल घुमत होता आणि गणित दाणे खात होती, जणू शेजारी कुणी नाहीच. बाई बारीक झाल्या होत्या, पण खोकला कमी होता. गिरणाऱ्याची हवा, सुनील म्हणाला. बाई म्हणाल्या, मंगलची भाकरी.

मग एका संध्याकाळी मंगलचा मला फोन आला. ती स्वतःहून कधी फोन करत नसे. "ताई, त्यानं बाजरीच्या सरमाडाची काडी उचलली. जाळीतनं तिच्याकडं ढकलत व्हता. लय वेळ ढकलली."

"मग?"

"तिनं घेतली."

मागून बाईंचा आवाज आला, "मान हलवली का ते विचारते ती! सांग, हलवली!"

जाळी काढली तेव्हा गणिताने भूगोलाला पंखाचा एक सणसणीत फटका दिला. तो जरा मागे सरला आणि दुसरी काडी आणायला गेला. पुढच्या काही दिवसांत घरटं झालं आणि त्यात दोन अंडी आली. कबुतरांत अंड्यांवर दोघं बसतात. दिवसा बराच वेळ नर, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी. भूगोल आपल्या पाळीला न चुकता बसत होता. पण दार बंद होतं. दार उघडल्याशिवाय काही कळणार नव्हतं.

"उघडायचं," बाई म्हणाल्या.

सुनील म्हणाला, "बाई, पिल्लं निघू द्या. आत्ता गेला तर अंडी वाया जातील."

"पिल्लं निघाल्यावर गेला तर पिल्लं मरतील. आत्ताच उघडायचं."

त्याआधी त्यांनी महेशला आमच्या गच्चीवरची ढाबळ पूर्ण मोडायला लावली होती. फळ्यासुद्धा उचलून नेल्या. त्या रविवारी महेश देवळालीच्या रिकाम्या गच्चीवर फोन घेऊन उभा राहिला, आणि मी गिरणाऱ्याला बाईंच्या शेजारी, फक्कीच्या रेषेअलीकडे.

सकाळी गणित अंड्यांवर असताना मंगलने दार उघडलं. भूगोल दारात आला. शेडच्या पत्र्यावर बसला. मग उडाला, बागेवरून एक मोठा वळसा घेतला, आणि सरळ देवळालीच्या दिशेने निघून गेला. ठिपका होईपर्यंत आम्ही बघत होतो. बाईंनी माझा हात धरला होता. त्यांची पकड इतकी घट्ट असेल असं मला वाटलं नव्हतं.

महेशचा फोन आला. "आला. जिथे ढाबळ होती तिथेच उतरलाय. गोल गोल फिरतोय."

बाईंनी फोन हातात घेतला. "काही खायला घालू नकोस."

"पाणी?"

"पाणी पण नाही."

"बाई, माझ्याकडे बघतोय तो."

"बघू दे. तू आत जा. दार लाव."

फोनवर दार लागल्याचा आवाज आला. बाईंनी डोळे मिटले. माझ्या मनात आलं, जन्मापासून आपल्या हाताने दाणे घातलेल्या जिवाला असं सांगताना यांना काय होत असेल. विचारायची वेळ नव्हती. शेडवरून मंगल म्हणाली, "बाई, त्याच्या पाळीची येळ टळून गेली. ही चुळबुळ करती. दोनदा उठून बसली. भूक लागली असंल."

"उठली तर अंडी गार पडतील," सुनील म्हणाला.

"तिला दाणे देऊ का जवळ?" मंगलने विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "तिचं तिला ठरवू दे."

पुन्हा फोन वाजला. महेश खिडकीतून बघत होता. "उडाला बाई."

"कुठे?"

"नाही कळलं. पाण्याच्या टाकीमागे गेला, मग दिसला नाही."

ऊन वर आलं. मंगलने केलेला चहा कुणी घेतला नाही. सुनील बागेच्या टोकाला जाऊन आभाळाकडे बघत उभा होता. बाई रेषेवर उभ्या होत्या, बुटांची टोकं नेमकी रेषेला टेकलेली, मास्कच्या आत श्वास वरखाली होत होता. मी त्यांना बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

"आला!" सुनील बागेतूनच ओरडला. "बाई, आला ओ!"

भूगोल बागेवर वळसा न घेताच थेट शेडवर उतरला, चोच उघडी, धापा टाकत. इकडेतिकडे न बघता तो दारातून आत शिरला. आम्हाला आतलं दिसत नव्हतं. थोडी फडफड ऐकू आली, मग शांत झालं.

"मंगल!" बाई ओरडल्या. "काय केलं तिने?"

"चोच मारली, बाई. चांगली दोनदा मारली."

"आणि?"

"मंग उठली. तो बसला आता अंड्यांवर."

बाईंनी मास्क जरा खाली ओढून तोंड पुसलं. डोळेही पुसले असावेत, मी नीट बघितलं नाही. घरात जाऊन त्यांनी आपली पिशवी उचलली. सकाळीच भरून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. मंगलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेडकडे न बघता त्या फाटकाबाहेर पडल्या.

"बाई, थांबा की जरा! त्यांना लांबनं तरी बघून जा," सुनील मागून धावला.

"बघितलं तर परत यावंसं वाटेल," त्या म्हणाल्या. "आणि मला परत यायचं नाही."

"मंग गाडी तरी काढू द्या."

"काढ," बाई म्हणाल्या. "तोवर मी चालते."